१५० च्या वर बोट पळवायची तर सेफ्टी आणि खर्च किती धरायचा?

नवखा_चालक: मंडळी, चार वर्षं साधी आउटबोर्ड बोट चालवतोय, ७०-८० पर्यंत हात बसलाय. आता दोन इंजिनांची टनेल हल (दोन तळ आणि मधून हवा जायला बोगदा असलेली बोट) बघतोय, मालक म्हणतो ताशी १८० किमी आरामात जाते. लाइफ जॅकेट, हेल्मेट सोडून काय लागतं? आणि पैसा नक्की जातो कशात?

थ्रॉटल_जुना: १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर, समोरचा ओंडका दिसला तरी वळायला वेळच नसतो. टनेल हलच्या खाली हवा शिरते म्हणूनच ती पळते, पण नाक जरा जास्त उचललं की तीच हवा बोट मागे उलटवते. पाण्यावरच्या वेगाचे रेकॉर्ड करणारा डोनाल्ड कॅम्बेल १९६७ मध्ये ताशी ४८० किमीच्या आसपास असताना असाच गेला. केन वॉर्बीचा १९७८ चा ताशी ५११ किमीचा पाण्यावरच्या वेगाचा रेकॉर्ड अजून उभा आहे आणि तो मोडायला गेलेला ली टेलर १९८० मध्ये वारला. तू काही रेकॉर्डला निघालेला नाहीस, पण पाणी तेच आहे रे, त्या वेगाला ते मऊ लागत नाही.

किल स्विचची (चालक पडला की इंजिन बंद करणारं बटण) दोरी दरवेळी अंगाला अडकव, धक्क्यावरून बोट हलवायची असली तरी. माझी एकदा राहिली होती, लाटेवर उडालो, बोट रिकामीच गोल फिरत माझ्याकडे येताना पाहिलीये, अजून झोपेत दिसते. आणि बंद मजबूत कॉकपिट नसेल तर सीटबेल्ट लावू नकोस, उलटल्यावर बोटीखाली अडकशील. कॉकपिट असेल तर बेल्ट हवाच, सोबत हवेची छोटी बाटली आणि पूलमध्ये उलटं टांगून डोळे मिटून बकल सोडायची प्रॅक्टिस, एकदा करून भागत नाही.

इंजिनवाला: खर्चाचं मी सांगतो, बोटीची किंमत ही फक्त सुरुवात समज. हजार हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला तासाला साधारण ३०० लिटर पितं, दोन असली की दुप्पट. पण खरा पैसा इंजिन उघडण्यात जातो, अशी इंजिनं ठरावीक तासांनी खोलावीच लागतात, त्यामुळे घ्यायच्या आधी मालकाला इंजिन किती तास चाललंय ते विचार आणि त्याचे कागद माग. ड्राइव्हचे (इंजिनाची ताकद प्रॉपेलरला देणारा भाग) गिअर आणि प्रॉपेलर वेगळे. इन्शुरन्सवाले वेगाची मर्यादा घालतात, रेसिंग धरत नाहीत, ती अट नीट वाच.

नवखा_चालक: दोरीचं डोक्यात बसलं. मालकाकडे तासांचे कागद मागितलेत, अजून दिले नाहीत.

इंजिनवाला: मग थांब. कागद हातात आल्याशिवाय टोकन देऊ नकोस.