एमआरआयवर टोचलेल्या पेशी दिसतात म्हणजे नक्की काय दिसतं?

बायोटेकवाली: स्टेम सेल टोचल्या की त्या कुठे गेल्या ते एमआरआयवर बघता येतं असं ऐकलं, पण एक घन मिलिमीटरमध्ये लाखो पेशी मावतात, मग त्यात आपल्या वेगळ्या कशा कळणार? सगळ्या सारख्याच ना?

लॅबकर: नुसत्या नाहीच दिसत. आधी डिशमध्ये त्यांना आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण खायला घालतात, मग टोचतात. ते लोह आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, तिथल्या पाण्याचा सिग्नल पटकन मरतो आणि पेशीपेक्षा कितीतरी मोठा काळा डाग येतो, म्हणून थोड्या पेशी पण सापडतात. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या टीमने 2005 मध्ये मेलॅनोमाच्या (त्वचेचा कॅन्सर) 8 पेशंटना अशा डेंड्रिटिक पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेला शत्रू ओळखायला शिकवणाऱ्या) लस म्हणून लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका गाठीत, दिल्या, तेही सोनोग्राफीवर सुई बघत बघत, आणि एमआरआय काढला तर निम्म्या पेशंटमध्ये पेशी नोडच्या बाहेर पडलेल्या! लस चालली नाही तर दोष लसीचा की सुईचा हे एरवी कळलंच नसतं. मला तरी या टेक्निकचा खरा उपयोग हाच वाटतो.

स्कॅनरूम: बरोबर, पण काळा डाग म्हणजे जिवंत पेशी असं धरून चालू नका. जुना रक्तस्राव काळा, हवा काळी. टोचलेली पेशी मेली की मॅक्रोफेज (कचरा गिळणारी पेशी) येऊन लोह गिळतो, डाग तसाच राहतो, आणि आपण खूश की पेशी टिकल्या. उलट पेशी भराभर वाढल्या तर दर विभाजनात प्रत्येक पेशीतलं लोह अर्धं होत जातं, म्हणजे पेशी जास्त पण डाग फिका.

बायोटेकवाली: मग लोहाऐवजी फ्लोरिनचं लेबल पेशीत घालतात, ते बरं का?

लॅबकर: एका बाबतीत बरं. दात-हाडांतलं फ्लोरिन एमआरआयला दिसत नाही त्यामुळे मागे गोंधळ नाही, सिग्नल आला की तो लेबलचाच, आणि त्यावरून पेशी किती हा अंदाजही काढता येतो. माणसावरचा पहिला प्रयोग 2014 ला छापून आला, कोलोरेक्टल (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरचे पेशंट. पण खूप पेशी एका जागी लागतात, फ्लोरिनचा सिग्नल पकडणारी वेगळी कॉइल लागते, साध्या सेंटरमध्ये नसतेच ती. आणि मेलेल्या पेशीचं म्हणाल तर इथेही तेच रडगाणं.

स्कॅनरूम: शिवाय लोहाच्या लेबलिंगला वापरायचे ते फेरिडेक्स नावाचं नॅनोकणांचं औषध त्याच्या कंपनीने कधीच बंद केलं. आता बरेच जण फेरुमॉक्सिटॉल वापरतात, ते मुळात किडनी पेशंटच्या ॲनिमियाचं औषध. ते पेशीत नीट शिरावं म्हणून हेपरिन आणि प्रोटामिन ही दोन औषधं सोबत मिसळतात. कुठलं लेबल वापरलंय ते आधी बघ ताई, मगच चित्रावर बोल.