मार्टिन ल्युथर किंग: वारसा जपला की शोकेसमध्ये ठेवला?

चिकित्सक
जानेवारीतला तिसरा सोमवार, म्हणजे किंगच्या नावाच्या सुट्टीचा दिवस, आला की अमेरिकेत सगळेच पक्ष कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या किंगचे गोडवे गातात, तेही १९६३ च्या ‘माझं एक स्वप्न आहे’ या एकाच भाषणाचे. ते भाषण ज्या वॉशिंग्टनच्या मोर्चात झालं, तो ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ यांसाठी होता, हे कोण सांगतं? किमान वेतन तासाला २ डॉलर करा, अशी त्यात थेट मागणी होती. आज देशपातळीवरचं किमान वेतन ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून एका सेंटने हललेलं नाही. महागाई धरली तर त्या २ डॉलरचे आज याच्या दुपटीहून जास्त होतात! आणि किंगची हत्या झाली मेम्फिसमध्ये, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले असताना. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले, त्यावरून तो संप पेटला होता. हा किंग कुणालाच नकोय.

उंटावरचा शहाणा
अर्धंच पटलं. मिसिसिपी राज्य बघा. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याआधी तिथल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी शंभरात सात जणांचीही नावं मतदार यादीत नव्हती. १९६७ पर्यंत निम्म्याहून जास्त आली. हे शोकेसमधलं आहे का? पगाराचं खापर किंगच्या वारशावर कशाला?

चिकित्सक
वारशावर नाही, वारसा सांगणाऱ्यांवर फोडतोय.

निरभ्र
शहाणे, तुमचंच उदाहरण घेते. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची, हा त्या कायद्याचा कणा. अशी राज्यं ठरवण्याचा निकषच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. टेक्सासने या मंजुरीअभावी अडकून पडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा त्याच दिवशी लागू करायला घेतला.

उंटावरचा शहाणा
निकष जुनाट झाला होता, आणि नवा करायची मुभा न्यायालयाने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिलीच होती.

निरभ्र
मग केला का?

चिकित्सक
१९६६ च्या गॅलप जनमत चाचणीत ६३ टक्के लोकांचं किंगबद्दल प्रतिकूल मत होतं. तेव्हा ते शिकागोत घरं विकताना-भाड्याने देताना होणाऱ्या वर्णभेदावर बोट ठेवत होते. राष्ट्रीय सुट्टी जाहीर करणं त्यामानाने फारच सोपं.

उंटावरचा शहाणा
घरांमधला भेदभाव रोखणारा कायदाही झाला की, १९६८ मध्ये किंगच्या हत्येनंतर आठवड्याभरात. त्याला दात नव्हते, मान्य. ते १९८८ च्या दुरुस्तीने बसवले. म्हणजे वीस वर्षं कुणीतरी त्याच्या मागे लागून होतंच ना? त्यांना तुम्ही कोणत्या खात्यात टाकणार?