पानगळीच्या दिवसांतील भाजीसाठी पेरणीचा हिशेब कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. घरामागच्या बागेत मी काही वर्षे उन्हाळी भाज्या घेत आहे. पानगळीच्या दिवसांत काढता येतील अशा भाज्यांचा प्रयत्न मात्र गेल्या वर्षी प्रथमच केला आणि तो फसला. कोबीचे बी टाकले तेव्हा दव गोठवणारी थंडी पडायला ९० दिवस अवकाश होता आणि पाकिटावर ७० दिवस लिहिलेले होते. तरीही गड्डे मुठीएवढे असतानाच त्यांची वाढ थांबली. त्याच सुमारास पेरलेले लेट्यूस तर उगवलेच नाही, जरी बी ताजे होते आणि पाणीही नियमित दिले होते. माझे नेमके काय चुकले? यंदा टोमॅटोचा वाफा रिकामा होईल, तेथे काय लावणे योग्य ठरेल?

उत्तर १

कोबी, फुलकोबी आणि ब्रोकोली यांच्या पाकिटावरील दिवस बहुधा पुनर्लागवडीपासून, म्हणजे तयार रोप वाफ्यात लावल्यापासून, मोजलेले असतात, बी टाकल्यापासून नव्हे. गाजर, मुळा, बीट यांचे मात्र पेरणीपासून. रोप लावण्याजोगे व्हायला सुमारे ५ आठवडे लागतात, म्हणजे आपल्या ९० दिवसांतले ३५ दिवस तेथेच गेले. शिवाय हे आकडे वाढत्या उन्हाच्या दिवसांना धरून असतात. उन्हाळ्यानंतर दिवस लहान होत जातो, वाढ मंदावते, आणि त्यासाठी आणखी १४ दिवस धरावे लागतात. ७०, ३५ आणि १४ मिळून ११९ होतात. म्हणजेच पहिल्या कडाक्याच्या थंडीच्या १७ आठवडे आधी कोबीचे बी पडायला हवे. त्या वेळी उन्हाळा ऐन भरात असतो आणि आपले सारे लक्ष टोमॅटोकडे असते, म्हणूनच ही पेरणी हमखास राहून जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसाचा उजेड १० तासांच्या खाली गेला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, पण झाड मरत नाही. पूर्ण वाढलेला पालक, केल (कोबीवर्गातील एक पालेभाजी) किंवा गाजर त्यानंतरही वाफ्यात ठेवून लागेल तसे काढता येते. अर्धवट वाढलेले मात्र तसेच अर्धवट राहते.

उत्तर २

लेट्यूसबद्दल लिहितो, कारण मीही तीन वेळा पेरून हाच अनुभव घेतला आहे. आपले बी खराब नव्हते. माती साधारण ३० अंश सेल्सिअसच्या वर तापली की लेट्यूसच्या पुष्कळ जातींचे बी ओलावा मिळूनही सुप्तावस्थेत जाते. पालकाची उगवणही तापलेल्या मातीत बरीच घटते. म्हणून लेट्यूसची रोपे घराच्या गार कोपऱ्यात ट्रेमध्ये करावीत आणि कोंब दिसताच ट्रे उजेडात आणावा. थेट पेरायचेच असेल तर संध्याकाळी, वाफा भिजवून, वर सावलीचे कापड बांधून पेरावे.

गाजराला उगवायला एक ते तीन आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात वरचा थर एकदा जरी कडक वाळला तरी कोवळे कोंब आतच मरतात. मी पेरणीनंतर वाफ्यावर ओले गोणपाट अंथरतो, चौथ्या दिवसापासून रोज उचलून पाहतो आणि पहिला कोंब दिसताच ते काढून टाकतो. हे एवढे केल्यापासून माझी गाजरे विरळ उगवलेली नाहीत.

उत्तर ३

टोमॅटोने वाफ्यातले अन्नद्रव्य बरेच ओढलेले असते, तेव्हा चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळूनच पुढची लागवड करावी. तेथे पालक, लेट्यूस, मुळा चालतील. कोबीवर्गीय भाजी त्याच वर्गाच्या मागे लावू नये, कारण मुळांचे रोग मातीत टिकून राहतात; टोमॅटोच्या मागे ती अडचण नाही. मात्र कोबीची रोपे लावली त्याच दिवशी वर बारीक जाळी घालावी. पांढरी फुलपाखरे अंडी घालून गेल्यावर घातलेली जाळी अळ्यांना आतच सांभाळते.

थंडीला घाबरून काढणीची घाई करू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. गारठ्यात केल आणि गाजर आपल्यातील पिष्टाचे काही अंशी साखरेत रूपांतर करतात, त्यामुळे पेशींतील पाणी सहजी गोठत नाही आणि चवही गोड होते. घेवडा मात्र पहिल्याच रात्री जळतो, त्याला ही सवलत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. यंदा थंडीला १४ आठवडे उरले आहेत, म्हणजे कोबीचे बी टाकण्याची वेळ टळली. ५ आठवड्यांची तयार रोपे आणली तर चालेल का?

उत्तर १

अवश्य चालेल. ७० आणि १४ मिळून ८४ दिवस, म्हणजे १२ आठवडे होतात. आपल्या हाती अजून २ आहेत. रोपे ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावावीत आणि पहिला आठवडा दुपारची सावली द्यावी. गाजरालाही जवळपास तितकेच दिवस लागतात, तेव्हा ते याच आठवड्यात पेरावे. मुळा २५ ते ३० दिवसांत येत असल्याने तो पुढे दर १० दिवसांनी थोडा थोडा पेरता येईल.