शब्दचर्चा : नियमन, नियंत्रण, निर्बंध, बंदी. नेटच्या बाबतीत नेमकं काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

तपासायला आलेल्या एका लेखात एकाच परिच्छेदात 'इंटरनेटचे नियमन', 'इंटरनेटवर नियंत्रण' आणि 'इंटरनेटवरील निर्बंध' असे तीन प्रयोग आहेत, आणि तिन्हींचा रोख एकाच कायद्याकडे आहे. लेखक म्हणतात, तोच शब्द पुन्हा पुन्हा नको म्हणून बदलले. मला मात्र हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालतील असं वाटत नाही. बोलताना आपण यातलं काहीच वापरत नाही म्हणा. 'याला कुठेतरी लगाम हवा', 'सरकार काय झोपलंय का', नाहीतर सरळ 'बंद करून टाका ते सगळं'. तर फरक खरोखर वापरात आहे, की नुसता कोशात?

प्रतिसाद

वापरात आहे, आणि तो प्रत्ययांत दिसतो. नियमन कशाचं तरी असतं. नियंत्रण, निर्बंध, बंदी कशावर तरी असतात. निर्बंध लादतात, बंदी घालतात. 'नियमन लादलं' हे कानाला खटकतं.

नियमनात ती गोष्ट चालू राहणार हे गृहीत असतं. संततिनियमन हा र. धों. कर्व्यांच्या काळापासून रुळलेला शब्द घ्या. मूल होऊच नये असा त्याचा अर्थ नाही. केव्हा आणि किती, हे आपण ठरवायचं एवढाच आहे. याउलट प्रदूषणावर आपण नियंत्रण ठेवतो. 'प्रदूषणाचं नियमन' म्हटलं तर रोज थोडं थोडं शिस्तीत सोडा असं सांगितल्यासारखं वाटतं. म्हणजे जे हवं आहे पण नीट हवं आहे त्याचं नियमन, आणि जे कमीच व्हायला हवं त्यावर नियंत्रण. 'अफवांचं नियमन' म्हणून पाहा, आपोआप हसू येईल.

म्हणूनच नेटच्या बाबतीत गोंधळ होतो. लिहिणाऱ्याला नेट हवंसं वाटतं की नकोसं, ते त्याने निवडलेल्या शब्दातच कळतं.

प्रतिसाद

नियम आटोपशीर आहे, पण वाहतूक त्यात बसत नाही. चौकात पोलीस वाहतुकीचं नियमन करत असतात, बातमीतही तसंच छापून येतं, आणि त्यांच्या शाखेचं नाव मात्र वाहतूक नियंत्रण शाखा! वाहतूक तर हवीच असते.

व्युत्पत्तीने पाहिलं तर नियम, नियमन, नियंत्रण सगळे एकाच घरातले, मूळ धातू 'यम्', आवरून धरणे. सारथ्याला संस्कृतात 'यन्ता' म्हणतात तो त्यातूनच. आणि गंमत म्हणजे 'यंत्र'सुद्धा त्यातलाच, मुळात धरून ठेवणारी वस्तू. त्या हिशेबाने 'यंत्रावर नियंत्रण' ही पुनरुक्तीच झाली. (तंत्र वेगळा, तो 'तन्' म्हणजे ताणणे यातून, अर्थ विणकराचा माग.) 'निर्बंध' हा शब्द सावरकरांनी 'कायदा' या अरबी शब्दाच्या जागी सुचवला होता. तो रुळला खरा, पण फक्त मनाई या अर्थाने, आणि २०२० नंतर तर 'कडक' हे विशेषण त्याला कायमचं चिकटलं.

प्रतिसाद

व्युत्पत्ती वाचायला मजा येते, पण आजच्या वापराचा निवाडा तिच्यावरून होत नाही. माझ्या मते प्रश्न धातूचा नाही, कर्माचा आहे. नियम कोणाला बांधतो?

ताजं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. २०२४ मध्ये तिथे कायदा झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. मथळे काय आले? 'सोळा वर्षांखालील मुलांवर सोशल मीडियाबंदी'. आता कायदा पाहा. सोळाच्या आतल्या मुलांची खाती राहू नयेत यासाठी वाजवी उपाय करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. त्यात कसूर झाली तर दंड कंपनीला, कमाल ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. मुलाला शिक्षा नाही, आईबापांनाही नाही. बंदी 'मुलांवर' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं पोराने खातं उघडलं तर गुन्हा पोराचा. मग 'आमच्या घरात सरकार कशाला?' आणि 'बरं झालं, आमचं तर ऐकतच नव्हती' या दोन्ही प्रतिक्रिया अशा कायद्यावर येतात जो कायदा तिथे नाहीच.

तिथल्या मुलाला बंदीच जाणवणार, हे मान्य. खातं गेलं ते गेलं. पण परिणामाचं नाव कायद्याला देऊ नये. 'कंपन्यांचं नियमन, ज्यात मुलांची खाती बंद होतात' हे लांबलचक आहे, मथळ्यात मावत नाही, पण बरोबर आहे.

असाच दुसरा शब्द 'मध्यस्थ'. भारताच्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात सोशल मीडिया कंपन्या मध्यस्थ ठरतात. २०२१ च्या नियमांत तर पन्नास लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्यांसाठी वेगळा वर्गच आहे. मराठीत मध्यस्थ म्हटलं की लग्न जमवणारा, भांडण मिटवणारा, निदान दोन्ही बाजूंना ओळखणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कायद्याला अपेक्षित आहे नेमकं उलट. इतरांच्या मजकुराची जबाबदारी मध्यस्थावर येऊ नये असं संरक्षण कलम ७९ देतं, आणि ते ज्या अटींवर मिळतं त्यांत असं आहे की मजकूर पाठवायची सुरुवात मध्यस्थाने केलेली नसावी, तो कोणाकडे जावा हे त्याने निवडलेलं नसावं, आणि मजकुरात निवड किंवा फेरफार केलेला नसावा. आता 'तुमच्यासाठी' म्हणून एकामागून एक व्हिडिओ पुढे सरकवणाऱ्याला या अर्थाने मध्यस्थ म्हणायचं का? मला तरी जड जातं. आणि घरगुती अर्थाने म्हणावं तर मग जबाबदारी येते. स्थळ दाखवणारा नंतर हात झटकतो तेव्हा आपण त्याला काय काय बोलतो!

प्रतिसाद

सैल शब्दांनी काय होतं याचा दाखला भारतातच आहे. त्याच कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ आलं. ऑनलाइन मजकुरामुळे चीड, गैरसोय, अपमान वगैरे झाला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. चीड कोणाची, किती, हे कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केलं, आणि या शब्दांची संदिग्धता हे त्यातलं एक मोठं कारण होतं. शिवाय सरसकट सगळ्याच बोलण्याला ते लागू पडत होतं. याला नियमन म्हणवत नाही. निर्बंधच.

प्रतिसाद

'इंटरनेट सेवा खंडित' याबद्दल कुणी बोललंच नाही. वीज खंडित होते, पाणीपुरवठा खंडित होतो. कुठेतरी तार तुटली, पाइप फुटला. नेट आदेशाने बंद करतात तेव्हाही बातमीत 'खंडित'च. आदेश कोणी दिला ते त्या क्रियापदाने गिळून टाकलं. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवा बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. आदेश प्रसिद्ध करायचा असेल तर मराठीतही 'अमुक अधिकाऱ्याने सेवा बंद केली' असं कर्तरी वाक्य लिहायला काय हरकत आहे?

प्रतिसाद

हरकत एकच. बातमीदाराकडे रात्री अकरा वाजता अधिकाऱ्याचं नाव नसतं. निदान 'बंद ठेवली' म्हणावं, 'खंडित' नको, इतपत सहमत.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. 'कोणाला बांधतो' ही कसोटी लावून परिच्छेद पुन्हा वाचला. लेख युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याबद्दल आहे. महिन्याला साडेचार कोटींहून जास्त युरोपीय वापरकर्ते असलेल्या सेवांना त्यात जास्तीची कर्तव्यं आहेत : आपल्यामुळे होणाऱ्या धोक्यांचं मूल्यमापन करा, बाहेरच्यांकडून तपासणी करून घ्या. बांधले जातात ते सेवा चालवणारे. तेव्हा पहिल्या वाक्यात 'इंटरनेटचे नियमन' ऐवजी 'इंटरनेट कंपन्यांचे नियमन', आणि 'निर्बंध'च्या जागी 'बंधनकारक तरतुदी' असं सुचवते आहे. 'नियंत्रण'ही काढणार होते.

प्रतिसाद

'नियंत्रण' काढण्याआधी लेखकांना विचारा. त्यांना कदाचित तेच म्हणायचं असेल, की नावाला नियमन आणि आतून नियंत्रण. तसं असेल तर तो त्यांचा आरोप आहे आणि तो शब्द राहू द्या. फक्त मग पुढचं वाक्य पुराव्याचं मागा.