दिवाळीच्या सुट्टीसाठी ऑटोमॅटिक फिश फीडर: कोणता घ्यावा आणि कसा लावावा?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. आमच्याकडे २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच असा दोन फुटी टँक आहे. त्यात निऑन टेट्रा, मॉली आणि तळाशी वावरणारे कोरीडोरस आहेत. दिवाळीत आम्ही घरातले सगळेच आठवड्याहून थोडे अधिक दिवस कोकणात जाणार आहोत. शेजारच्या काकू खाणे घालायला आनंदाने तयार आहेत, परंतु मासे काचेजवळ येऊन घुटमळू लागले की त्यांना राहवत नाही आणि त्या पुन्हा चिमूटभर टाकतात. म्हणून ऑटोमॅटिक फीडर घ्यावा असे वाटते. सेलवर चालणारे फिरत्या डबीचे, यूएसबीवर चार्ज होणारे आणि वायफायने मोबाईलला जोडता येणारे असे प्रकार पाहण्यात आले. यांपैकी कोणता घ्यावा, आणि वीज गेली तर त्याचे काय होते?

उत्तर (गंगापूर रोड)

आपल्या टँकमध्ये रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ६० लिटर पाणी असेल. एवढ्या पाण्यासाठी फीडर निवडताना डबी किती मोठी आहे यापेक्षा तो एका वेळी कमीत कमी किती खाणे टाकू शकतो, हे पाहावे. फिरत्या डबीच्या फीडरला एक फट असते आणि ती सरकत्या झडपेने लहानमोठी करता येते. मात्र काही स्वस्त फीडरमध्ये झडप जवळजवळ बंद केली तरी लहान टँकला नको तेवढे दाणे पडतात. न खाल्लेले खाणे कुजून माशांना घातक असा अमोनिया तयार होतो, आणि घरी कोणी नसताना पाणी बदलायलाही कोणी नसते.

त्यामुळे प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी फीडर आणून त्याखाली कोरा कागद ठेवावा, बटण दाबून डबी दहा वेळा फिरवावी आणि प्रत्येक वेळी किती दाणे पडले ते पाहावे. एकदा चार आणि एकदा वीस दाणे पडत असतील, तर तो फीडर परत करावा. फ्लेक्सऐवजी (पातळ पापुद्र्यांच्या खाण्याऐवजी) सुमारे १ मिलिमीटरचे पेलेट, म्हणजे गोल दाणे, वापरावेत, कारण गोल दाणे फटीतून सारख्या प्रमाणात घरंगळतात.

विजेबद्दल म्हणाल, तर सेलवर चालणाऱ्या फीडरचे घड्याळ वीज गेल्याने थांबत नाही. सेल मात्र नवे घालावेत. वायफायचा घ्यायचाच असेल, तर राउटर बंद करून ठरलेल्या वेळी खाणे पडते का, हे घरीच तपासावे.

उत्तर (पंचवटी)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण दमटपणाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा वाटतो. डबी पाण्यावर असल्यामुळे टँकमधून वर येणारी वाफ थेट तिच्या फटीला लागते. चार दिवसांनी फटीच्या कडेवरून बोट फिरवून पाहा: खाण्याची भुकटी ओली होऊन तिथे तपकिरी, चिकट थर बसलेला आढळतो. त्या थरामुळे फट आधी अरुंद होते, एक-दोन दिवस काहीच पडत नाही आणि मग आतला गठ्ठा एकदम सुटून पाण्यात पडतो.

यासाठी फीडर फिल्टरच्या धारेपासून आणि हवेच्या बुडबुड्यांपासून दूर ठेवावा, झाकणाला फटीपुरतेच छिद्र असावे आणि डबी अर्धीच भरावी. एअर पंपाची नळी जोडून डबीत कोरडी हवा सोडण्याची सोय काही फीडरमध्ये असते. जास्तीचे पैसे खर्च करायचे असतील, तर ते मोबाईलच्या जोडणीपेक्षा या सोयीवर करावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. खाणे दिवसातून एकदा ठेवावे की दोनदा? आणि कोरीडोरसचे काय करावे?

उत्तर (नाशिकरोड)

एकदाच, आणि तेही आपण रोज हाताने घालता त्याच्या निम्मे. निरोगी, पूर्ण वाढ झालेले मासे काही दिवस उपाशी सहज राहू शकतात. अडचण फक्त मॉलीच्या नव्या पिल्लांची असते, कारण त्यांना थोडे थोडे पण वारंवार लागते. कोरीडोरससाठी बुडणाऱ्या मोठ्या गोळ्या त्याच डबीत मिसळू नयेत, कारण लहान दाणे आणि मोठ्या गोळ्या फिरताना वेगळ्या होतात आणि प्रमाण बिघडते. त्याऐवजी सावकाश बुडणारे बारीक पेलेट सर्वांसाठी वापरावेत. सुट्टीसाठी मिळणारे खाण्याचे पांढरे ब्लॉक टाळावेत; ते विरघळून पाणी गढूळ करतात.

वीज जाण्याची खरी काळजी फिल्टरसाठी करावी. तो बराच वेळ बंद राहिला, तर पाण्यातील प्राणवायू घटतो आणि अमोनियाचे रूपांतर करणारे फिल्टरमधील जिवाणूही मरू लागतात. घरी इन्व्हर्टर असेल, तर एअर पंप त्यावर जोडून ठेवावा. क्लोरिन काढलेल्या पाण्याने थोडे पाणी बदलायचे, ते निघण्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे काही बिघडलेच तर आपल्यासमोर दिसेल.

काकूंना किल्ली अवश्य द्यावी. रोज एकदा फिल्टर सुरू आहे ना, एखादा मासा मेलेला नाही ना आणि पाणी गढूळ झालेले नाही ना, एवढे त्यांनी पाहावे. पाणी गढूळ दिसल्यास फीडर बंद कसा करायचा, हे त्यांना आधीच करून दाखवावे, आणि खाण्याचा डबा मात्र कपाटात ठेवून जावे.