दारू एकदम सोडल्यावर तिसऱ्या दिवशी भास का होतात?

प्रश्न (पेडणे): काका वीस वर्षे रोज फेणी घेत. चतुर्थीचे सोवळे म्हणून त्यांनी ती एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हातातली कपबशी खडखडू लागली आणि काल रात्री ते आम्हांला न दिसणाऱ्या मुंग्या चादरीवरून झाडत बसले होते. जीवनसत्त्वांच्या अभावामुळे असे होते, हे शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे का?

उत्तर १: तो समज पूर्वी वैद्यकातही होता. १९५५ साली हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे १० जणांना पुरेसा आहार व जीवनसत्त्वे देत मद्य पाजले. ते थांबवल्यावर, अनेक आठवडे प्यालेल्यांपैकी काहींना झटके (फिट) आले, काहींना भ्रम (भास व गोंधळलेली अवस्था) झाला. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) मद्य मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा प्रभाव वाढवते व उत्तेजक ग्लुटामेट या रसायनाचा दाबते, मेंदू त्याला सरावतो आणि मद्य अचानक तुटले की उत्तेजना मोकाट सुटते.

उत्तर २: तरीही शेजारी अगदीच चुकीचे नाहीत. थायामिनच्या (जीवनसत्त्व ब-१) अभावाने वेर्निकेचा मेंदूविकार होतो, म्हणून अशा रुग्णाला थायामिनचे इंजेक्शन देतात.

उत्तर ३: चर्चा नंतर करा. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात, भ्रम साधारण ४८ ते ९६ तासांत. तो जिवावर बेतू शकतो. आत्ताच १०८ ला फोन करून त्यांना रुग्णालयात न्या आणि शेवटचा घोट कधी घेतला ते डॉक्टरांना नक्की सांगा.