‘म्होरक्या’चं स्त्रीलिंग काय?

एका लेखाचा अनुवाद करतेय, शब्दावर अडलंय. सेंट जॉन हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, तेव्हा डॅनिश वसाहत. २३ नोव्हेंबर १७३३ ला गुलामांनी सरपणाच्या मोळ्यांत ऊसतोडीचे कोयते लपवून किल्ल्यात नेले आणि किल्ला घेतला. म्होरक्यांपैकी एक होती ब्रेफू. मळेवाले तिला पुरुषच समजत होते. १७३४ मध्ये बंड मोडलं, जीव दिलेल्या बंडखोरांची प्रेतं सापडली, तेव्हा कळलं की ही बाई! इंग्रजीत ‘लीडर’ म्हणून भागतं. मी पहिल्याच वाक्यात ‘होता’ की ‘होती’ला अडकले. शिवाय ‘गुलाम’ला काय म्हणू? दासी?

—

दासी नको. ‘नामयाची दासी’ म्हटलं की जनाबाई आठवते, मळ्यावरची विकत घेतलेली बाई नाही. पेशवाईतल्या कागदांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ येतात. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश कुणबिणीचे दोन अर्थ देतो, कुणब्याची बायको आणि गुलाम स्त्री. पण तो शब्द कॅरिबियनमध्ये नेलात तर वाचक गोंधळेल. सरळ ‘गुलाम बाई’ लिहा.

—

‘पुढारीण’ही टाळा. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सुभेदारीण सुभेदाराची. ‘-ईण’ लागली की मराठी कान आधी नवरा शोधतो. ‘म्होरकी’ चालेल, जरा गावरान आहे, पण कोयत्याच्या गोष्टीला शोभतं.

—

आणि ‘राणी’? ब्रेफूला तिथे ‘सेंट जॉनची राणी’ म्हणतात. जमैकातल्या मरून लोकांची, म्हणजे मळ्यांवरून पळालेल्या गुलामांची, म्होरकी नॅनीसुद्धा ‘क्वीन नॅनी’च. तिथल्या ५०० डॉलरच्या नोटेवर ती आहे, लोक नोटेलाच ‘नॅनी’ म्हणतात. गंमत म्हणजे तिचं समोर बसवून काढलेलं चित्रच नाही, नोटेवरचा चेहरा कल्पनेतला.

—

राणी ठेवते, पण लोकांच्या तोंडी. मी स्वतः ‘म्होरकी’ लिहीन. ‘होता-होती’चं असं ठरवलंय: मळेवाला बोलतो तिथे ‘ब्रेफू आला, ब्रेफूनं माणसं जमवली, तो कोण कुणाला ठाऊक नव्हतं’. प्रेतं सापडतात त्या परिच्छेदापासून ‘ती’. इंग्रजीत मळेवाल्यांची ही चूक मूळ लेखात सांगून टाकावी लागली, मराठीत क्रियापदच पकडून देतं. संपादकांना मात्र आधी कळवते, नाहीतर ते मुद्रणदोष समजून सगळे ‘आला’ खोडून ‘आली’ करतील.